न घेतलेली नावं

आमच्या लामूत, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या या बेटावर, सगळेच नवरे घरजावई. बाप घर बांधतो ते मुलीसाठी. मुलगी त्या घरात राहते, आणि लग्न ठरलं की नवरा एक पेटी घेऊन तिच्या दारात हजर होतो. यात कुणाला लाज नाही, कुणी टोमणे मारत नाही. मुलगा झाला की बाप म्हणतो, याची सोय कुणीतरी करेल. मुलगी झाली की चुन्याच्या भट्टीवर चौकशीला जातो. शेकुवे लाली असाच मुनावराच्या घरात आला आणि एकतीस वर्षांनी पेटी उचलून बाहेर पडला. मधे काय झालं ते मी सांगतो, कारण ते मी समोर बसून पाहिलं, आणि बरंचसं हसत पाहिलं. त्या हसण्याचा मला आता संताप येतो.

मी अथमान. नमाजाच्या पांढऱ्या टोप्यांवर कशिदा काढतो. एका टोपीला तीन महिने लागतात, म्हणून बसायला सावली लागते, आणि गल्लीत सगळ्यात चांगली सावली मुनावराच्या घराबाहेरच्या दगडी ओट्यावर. ओटा घराचा असला तरी बसणारे गल्लीचे. समोर तवालिबचं दुकान: तांदूळ, रॉकेल, साबण, थंड बाटल्या. मधे गल्ली इतकी अरुंद की ओझ्याचं गाढव आलं की आम्ही पाय वर घेतो.

शेकुवे प्रवाशांना गाव दाखवायचा. सकाळी पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा घालून, छातीला परवान्याचा बिल्ला लावून धक्क्यावर उभा. बोट लागली की गोऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत, आणि ती येत नसेल तर हातवाऱ्यांनी, पण बोलणं अखंड. किल्ल्याची माहिती सांगताना मुडद्यालाही उठून ऐकावंसं वाटेल असा माणूस. घरी मात्र मवाळ. रोज मासा आणायचा, नारळ स्वतः खवून द्यायचा, छपरावर पाणी साचलं तर साठीतही शिडी चढायचा. नवरा म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट जिभेत होती, आणि ती जीभच त्याला पोसत होती.

मुनावराच्या घराचं दार लामूत नावाजलेलं. चौकटीवर साखळीची नक्षी, कमळं, मधल्या पट्टीवर वेलबुट्टी. प्रत्येक प्रवासी तिथे थबकायचा आणि विचारायचा, हे घर कुणी बांधलं? उत्तर सोपं होतं. मुनावराच्या पणजीच्या बापाने ते पणजीसाठी बांधलं. पणजीकडून ते आजीला, आजीकडून आईला, आईकडून मुनावराला, आणि पुढे तिच्या मुलीला जायचं होतं. नवरे आले, राहिले, वारले. घराला ना त्यांचं नाव चिकटलं, ना बांधणाऱ्या बापाचं; तेही कुणाला आठवत नव्हतं. आता हे प्रवाशाला सांगायचं तर त्या बायकांची नावं घ्यावी लागणार. आणि भर गल्लीत, परक्या पुरुषासमोर घरच्या बाईचं नाव घेणं म्हणजे आमच्याकडे तिच्या डोक्यावरचा पदर ओढण्यासारखंच. मी वर्षानुवर्षं त्यांच्या ओट्यावर बसलो, त्यांच्या घरातून आलेली आल्याची कॉफी प्यालो, पण मालकीणबाईंचं नाव मुनावरा हे मला दाव्याच्या कागदावरून कळलं. तोवर त्या आम्हाला ‘आतल्या बाई’.

शेकुवे बराच काळ ‘जुन्या घराण्याचं आहे’ म्हणून वेळ मारून न्यायचा. पण एकदा एक जाडा प्रवासी पेन्सिल-वही घेऊन उभाच राहिला. नाव? कुणाचं नाव? नाव लिहिल्याशिवाय तो हलेना. शेकुवेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, समोर तवालिब तांदूळ मापत होता. शेकुवे म्हणाला, “ब्वाना मकामे. हस्तिदंताचे फार मोठे व्यापारी.”

मकामे म्हणजे तवालिबचा आजोबा; ‘ब्वाना’, म्हणजे साहेब, ही शेकुवेची भर. पाटे बेटावरून आलेला, तिवराचे वासे खांद्यावरून वाहून वाहून एक खांदा खाली गेलेला. माझ्या बापाने त्याला पाहिलं होतं. प्रवासी पुढे गेल्यावर आम्ही इतके हसलो की माझ्या हातातली सुई पडली.

“अरे शेकुवे,” तवालिब दुकानातून ओरडला, “माझ्या आजोबाला घर दिलंस, एखादं गलबत पण दे की!”

“एक कशाला? पुढच्या बोटीला सात देतो.”

“आणि त्याचा तो खांदा?”

“हस्तिदंत वाहून वाकला म्हणेन. घाबरतोस काय, तुझ्या खानदानाचं कल्याण करून टाकतो.”

तवालिबने त्याला थंड बाटली फोडून दिली. पुढे तो रिवाजच पडला. मकामेची गोष्ट झाली की एक बाटली. गोष्टही फुगत गेली: सात गलबतं, सुलतानाचं पत्र, दार कोरायला नऊ वर्षं. मीही एक भर घातली. दारावरचं प्रत्येक कमळ म्हणजे मकामेची एकेक सफर, हे माझं डोकं. प्रवासी कमळं मोजायचे आणि मी ओट्यावर बसून मिशीत हसायचो. जळो ते डोकं.

मुनावराला हे पटत नव्हतं. दार अर्धवट उघडं असायचं, आतलं बोलणं ओट्यावर यायचं.

“अहो, माझ्या पणजीच्या घरात तो वासेवाला कधी शिरला?”

“गंमत आहे गं. तुमची नावं काय त्या लोकांच्या वहीत जाऊ द्यायची?”

“मग गप्प राहायचं.”

“गप्प राहणाऱ्याला कोण बरोबर घेईल? तू मासा बघ, जळतोय.”

अशी वीस वर्षं गेली. गल्लीत तेव्हा रांगणारे लेकुरवाळे झाले. मग एक परदेशी लेखक आला, दोन महिने राहिला, जुन्या घरांवर पुस्तक काढून गेला. सगळीकडे त्याला शेकुवेच घेऊन फिरला होता. पुस्तकात शेकुवेचा फोटो आला, दाराशेजारी काठी टेकून उभा, आणि खाली छापलं होतं: ‘व्यापारी मकामे यांचं घर’. शेकुवे ते पान दाखवत आठवडाभर फिरला. तवालिबने त्या पानाची चौकट करून दुकानात तराजूच्या वर लावली. तेव्हाही आम्ही हसलोच.

हसू थांबलं ते एक परदेशी बाई पुस्तक हातात घेऊन आल्यावर. तिला जुनं घर घेऊन प्रवाशांसाठी उतरायची जागा काढायची होती. तिने भिंतीवरचं पान पाहिलं, विचारपूस केली आणि तवालिबला हात जोडल्यासारखं करून म्हणाली की मकामेंच्या नातवाला भेटून धन्य वाटलं. तवालिबला जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने लुंगी सोडून अंगरखा घालायला सुरुवात केली. महिन्याभरात काझीच्या कचेरीत वारशाचा दावा लागला: घर आजोबांचं, मुनावराच्या घरच्यांना त्यांनी दयेपोटी राहू दिलं होतं.

शेकुवे कागद घेऊन हसतहसत दुकानात गेला.

“तवालिब, पुरे झाली थट्टा.”

“थट्टा कसली? वीस वर्षं तूच सांगतोयस. आजोबा माझे, बोल तुझे.”

“अरे, तुझा आजोबा वासे वाहायचा, वासे!”

“मग हे पुस्तकवाल्याला का नाही सांगितलंस?”

शेकुवे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, काढायला विसरल्यासारखं.

आता यात नुसतं घर नव्हतं. त्यांना एकच मुलगी. रमजाननंतर तिचं लग्न ठरलं होतं, आणि घर तिच्या नावाने पुढे जायचं होतं. घर नाही तर नवरा यायचा कुठे? हे मुनावराला शेकुवेपेक्षा आधी कळलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर होतो. तिने आवाज चढवलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“मी येते कचेरीत. पडद्याआड बसून सगळी नावं सांगते. गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या यायला तयार आहेत, त्यांनी माझ्या आजीला पाहिलंय.”

“मी जिवंत असताना माझी बायको कचेरीत? चारचौघांत? लोक शेण घालतील माझ्या तोंडात.”

“घर माझं आहे.”

“आणि बोलणं माझा धंदा आहे. आयुष्यभर बोलून पोसलं तुम्हाला. उद्या एकदा खरं बोलायचं, त्यात काय अवघड?”

मग म्हणाली, “नावं घ्याल?”

“घेईन म्हणतोय ना!”

कचेरीत माणूस मावत नव्हता. होडीवाले, गाढवांचे मालक, धक्क्यावरचे बिल्लेवाले, आणि बघण्यासारखं काहीतरी असेल म्हणून शिरलेले दोन प्रवासी, गळ्यात कॅमेरे. काझी सुकलेला, शांत माणूस होता; त्याला मी दोष देत नाही. तवालिबचे दोन साक्षीदार आले. एक आमच्याच गल्लीत जन्मलेला, तिशीचा. त्याने कुराणावर हात ठेवून सांगितलं की हे मकामेंचं घर असं तो लहानपणापासून ऐकत आलाय. पोरगा खोटं बोलत नव्हता. खोटं आम्ही त्याला पाजलं होतं.

मग मी. मी सगळं ओकलो: बाटली, सात गलबतं, कमळांची अक्कल माझी. काझीने ऐकून घेतलं.

“म्हणजे घर बायकांचं.”

“होय, काझीसाहेब. आईकडून मुलीला.”

“कोणत्या आईकडून? नाव?”

मला नाव माहीत नव्हतं. “आतल्या बाईंच्या... आई,” मी म्हणालो. मागे सगळे खो-खो हसले. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पण हसायला काय जातं.

शेवटी शेकुवे. बिल्ला लावून आला होता.

“घर कुणाचं?”

“माझ्या बायकोचं. तिच्या आईचं, आजीचं, पणजीचं.”

“आणि पुस्तकातलं?”

“ते खोटं.”

“कुणी सांगितलं ते?”

“मी.”

“किती दिवस सांगत होतास?”

“वीस वर्षं. शुक्रवार सोडून रोज.”

“मग शेकुवे लाली,” काझी म्हणाला, “मी शुक्रवारचं खरं धरू की शनिवारचं?”

लोक पुन्हा हसले. काझीने हात वर करून त्यांना गप्प केलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, “हे बघ, तुझ्या खोट्याला नाव आहे, गाव आहे, छापलेलं पान आहे. तुझ्या खऱ्याला काहीतरी दे. पणजीपासून सुरू कर. प्रत्येकीचं नाव, कुणाची लेक, घर कुणाकडून कुणाला गेलं. मोठ्याने सांग. समोरच्याने ऐकलं पाहिजे, नाहीतर न्याय होत नाही.”

शेकुवेला नावं माहीत होती. लग्नात, मयतीत, मृतांसाठी त्या घरात म्हटलेल्या प्रत्येक फातिहात त्याने ती ऐकली होती. त्याने तोंड उघडलं. मग होडीवाल्यांकडे पाहिलं. तवालिबकडे पाहिलं. त्या दोन प्रवाशांकडे पाहिलं; त्यांतल्या एकाने कॅमेरा वर केला होता.

“त्या मोठ्या...” तो म्हणाला.

“मोठ्या कोण?”

“त्या घरातल्या मोठ्या बाई.”

“नाव, शेकुवे.”

घाम त्याच्या कानामागून गळत होता. किल्ल्यासमोर पन्नास परक्या माणसांना तासभर खिळवून ठेवणारा माणूस, त्याला चार शब्द बाहेर काढता येईनात. “काझीसाहेब,” तो म्हणाला, “ही नावं इथे घेण्याजोगी नाहीत.”

काझीने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाला, “बरं. तुझी बायको पडद्याआडून सांगेल? मी थांबतो. निरोप पाठव.”

“नाही, ती नाही येणार,” शेकुवे म्हणाला. नावांची गोष्ट निघाल्यापासून एवढं एकच वाक्य तो न अडखळता बोलला, आणि तेही खोटं होतं.

निकाल तवालिबच्या बाजूने लागला. वर मोंबासाच्या कोर्टात दाद मागायची म्हणून कुणी वकील पाहीपर्यंत तवालिबने विकलेलं घर त्या परदेशी बाईच्या नावावर चढलंसुद्धा होतं.

कचेरीतून बाहेर पडताना शेकुवेची मान ताठ होती. “अथमान,” तो म्हणाला, “घर गेलं. पण बायकांची अब्रू मी बाजारात मांडली नाही.” आणि खरं सांगतो, मला ते पटलं. त्याच्या पाठीवर मी हात ठेवला. गल्लीतल्या पुरुषांनीही माना डोलावल्या. आम्ही सगळे एका माळेचे मणी.

मुनावराने रडारड केली नाही. मी ओट्यावरची माझी टोपी, दोरा गोळा करत होतो. आतून तिचा एकच प्रश्न आला.

“नावं घेतलीत?”

“नाही. मान राखला तुमचा.”

त्यानंतर भिंतीतल्या कोनाड्यांतून भांडी उतरवल्याचा आवाज येत राहिला, संध्याकाळच्या नमाजापर्यंत.

मुलीचं लग्न मोडलं. नवऱ्यामुलाकडचे लोक सभ्यपणे आले, कॉफी घेतली आणि म्हणाले की आमच्या मुलाने पेटी घेऊन जायचं कुठे, तेवढं सांगा. मुनावरा मुलीला घेऊन गावाच्या खालच्या टोकाला बहिणीच्या घरी गेली. ते घर बहिणीचं. तिथे बहिणीचा नवरा राहतो. शेकुवेला तिथे कोण बोलावणार? आणि त्याच्या स्वतःच्या आईचं घर बहिणींकडे गेलेलं. साठीतला माणूस, आणि अख्ख्या लामूत त्याला हक्काने पाठ टेकायला जागा नाही. माझ्या बायकोच्या घरी बाहेरच्या पडवीत तो झोपायचा. माझी बायको वाईट नाही, पण तिनेही आठव्या दिवशी विचारलं, “किती दिवस हो?”

परदेशी बाईने घराची डागडुजी नीट केली, नावं ठेवायला जागा नाही. दाराशेजारी पितळी पाटी लावली: मकामे हाउस. ओट्यावर निळ्या गाद्या आल्या. माझी सावली गेली, पण त्याचं दुःख आता कुठे सांगत बसू. बाईने शेकुवेला मानाने बोलावलं आणि म्हणाली, पाहुण्यांना संध्याकाळी ती गोष्ट सांगत जा, जेवण इथेच घे. शेकुवेने तिला खरं काय ते सांगितलं. ती ऐकत राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, हीपण किती छान गोष्ट आहे; पण पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं असतं.

तो गेला तिथे. महिनाभर रोज गेला. नारळाच्या रसातला मासा आणि भात खाऊन मकामेची सात गलबतं सांगून यायचा. मी त्याला म्हटलं, “लाज नाही वाटत?” तो म्हणाला, “पोट कुणाच्या नावाने भरू, सांग.” मी त्याला शिवी दिली.

मग एका दुपारी तो आला तो हातात भलामोठा मासा घेऊन. बिल्ला काढलेला. म्हणाला, “अथमान, चल माझ्याबरोबर. आज मी जाऊन नावं घेतो. तिच्या दारात उभा राहून, गल्लीला ऐकू जातील अशी. पणजीपासून.” मला वाटलं, उशिरा का होईना, अक्कल आली. मी सुई खोवली आणि निघालो.

बहिणीच्या दारात आम्ही उभे राहिलो. शेकुवेने बाहेरून हाक घातली. दुसरी घातली. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. तिसऱ्या हाकेला मुनावरा दारामागे आली.

“कोण आहे?”

“मी. शेकुवे.”

त्याने घसा खाकरला, मासा या हातातून त्या हातात घेतला, आणि पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती बोलली. परका पुरुष दारात आला की आमच्या बायका आतून एकच वाक्य बोलतात, आणि ते ऐकल्यावर भला माणूस तिथे थांबत नाही. तेच ती बोलली.

“घरात पुरुष माणूस नाही.”

तिच्या मेहुण्याचा खोकला मला बाहेर स्पष्ट ऐकू येत होता. शेकुवेने मासा उंबऱ्यावर ठेवला, आणि भल्या माणसासारखा निघाला.